लहान मुलीला बुद्धमूर्तीतली करुणा कशी समजावून सांगावी?

८ वर्षांच्या मुलीला मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना न्यायचंय, तिला मूर्तींमधलं काय आणि कसं सांगू, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आधी अर्थ सांगूच नका, हात बघायला लावा. ‘करुणा’ हा शब्द या वयाला जड जातो. हात लगेच कळतो.

आदल्या दिवशी घरीच दोन मुद्रा, म्हणजे हाताच्या ठरावीक अर्थाच्या ठेवणी, करून घ्या. अभयमुद्रेत उजवा हात कोपरात वाकवून खांद्याच्या उंचीला, तळवा समोर, बोटं वर. मुंबईची मुलं इथे हमखास ‘ट्रॅफिक पोलीस!’ म्हणतात. खोडून काढू नका, दोन्ही हात करून दाखवा. पोलिसाचा हात ताठ, पुढे रेटलेला. बुद्धाचा अंगाजवळ, बोटं सैल. पहिला ‘थांब’ म्हणतो, दुसरा ‘भिऊ नकोस’. वरदमुद्रेत हात खाली सोडलेला, तळवा समोरच. तळवा उघडा म्हणून मुलांना तो मागणारा हात वाटतो. मागताना आपण तळवा वर करतो, बोटं जराशी आत वळतात. देणाऱ्या हाताची बोटं सरळ जमिनीकडे असतात. हे तिला स्वतः करून पाहू द्या.

लेणं क्रमांक ३ च्या ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंच बुद्ध उभे आहेत. अगदी पायाशी उभं राहिलं की मान दुखते आणि हात नीट दिसत नाही. समोरच्या टोकाला जाऊन पाहा.

पण माझ्या मते मुलांसाठी खरा खजिना लेणं क्रमांक ९० मध्ये आहे. मधोमध अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवर असलेला, इतरांना मदत करणारा). हातातलं कमळ ही त्याची खूण. दोन्ही बाजूंना छोटे छोटे प्रसंग कोरलेत, त्यांत संकटात सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत: हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बुडणारं जहाज. तिला आधी जहाज शोधायला सांगा. सोपारा आणि कल्याण ही बंदरं जवळच, आणि या लेण्यांना दान देणाऱ्यांत तिथले व्यापारीही होते. समुद्राची भीती त्यांच्या रोजच्या जगण्यातली. टॉर्च न्या, पण उजेड समोरून टाकू नका, उठाव सपाट दिसतो. बाजूने तिरका धरला की छोट्या आकृत्याही उठून दिसतात.

लेणं क्रमांक ४१ मध्ये अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे. ‘रावण!’ असं ऐकायला मिळेल. रावणाची डोकी आपण आडव्या रांगेत काढतो. इथे ती एकावर एक रचलेली आहेत, सगळ्या दिशांची दुःखं दिसावीत म्हणून. एवढं पुरे.

सोमवारी उद्यान बंद असतं. खाऊ पिशवीतच ठेवा, माकडं हिसकावतात.

घरी आल्यावर पाव किलो शाडूचा अभयमुद्रेतला हात करायला द्या. सुटी, बारीक बोटं वाळताना तडकतात, म्हणून बोटं एकमेकांना चिकटवून मागे मातीचा जाड आधार ठेवा. दगडातही हीच अडचण. पुढे आलेला हात आधी तुटतो, म्हणून कान्हेरीत अशा तुटक्या हातांच्या मूर्ती भेटतील. तिथे तिला खांदा आणि कोपराचा उरलेला भाग दाखवा आणि विचारा, तळवा कुठे असेल?