पुराचे वाटे वेगळे करायला शीक

अनेक उत्तम आशीर्वाद.

चिपळूणला कामावर रुजू होण्याआधी हवामानबदलाबद्दल काय वाचू, असं तू विचारलंस. वाचायला पुष्कळ आहे, पण आधी एक मागणं आहे. 'पूर आला तो हवामानबदलामुळेच' असं तू पत्रात सरळ लिहिलंयस. तिथल्या लोकांसमोर असं बोलू नकोस. 22 जुलै 2021 ला ज्यांच्या दुकानातला माल आणि घरातलं धान्य वाशिष्ठी नदीच्या पाण्यात गेलं, त्यांना गाळ माहीत आहे, भरती माहीत आहे, धरणाचा विसर्ग माहीत आहे. त्यांच्यापुढे एकच कारण घेऊन उभं राहिलं, की जे खरं आहे तेही ते ऐकून घेत नाहीत.

खरं काय ते आधी पक्कं करून घे. कोळसा, तेल, वायू जाळला की हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो. जमिनीवरून अवकाशाकडे निघालेली उष्णता तो शोषतो आणि तिचा काही भाग परत खाली पाठवतो. यात नवीन काही नाही. जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये प्रयोगशाळेत वायूंचं हे शोषण मोजायला सुरुवात केली होती. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे 315 होते. आज 420 च्या वर आहेत.

'हा वायू माणसानेच सोडला कशावरून?' असं कुणीतरी विचारेलच. प्रश्न चांगला आहे, टाळू नकोस. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-14 या त्याच्याच किरणोत्सारी प्रकाराचा अगदी किंचित अंश असतो आणि दर 5,730 वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. म्हणून कोळसा जळत गेला तसं हवेतलं त्याचं प्रमाण घटलं, आणि हान्स स्यूस यांना ही घट 1950 च्या दशकातच झाडांच्या वलयांत सापडली. दुसरी खूण अशी, की सूर्यामुळे पृथ्वी तापत असती तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबरही तापलं असतं. ते थंड होतंय. मला स्वतःला हा पुरावा फार भक्कम वाटतो.

आता चिपळूणकडे ये. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि आपला अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास जरूर वाच. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यांना आढळलं. हा उष्णतेचा वाटा. नदीच्या पात्रात साचलेला गाळ, पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामं, डोंगरउतारावरची जंगलतोड, हा आपला इथला वाटा. भरती असली की पुराचं पाणी खाडीत लवकर उतरत नाही. भरती निसर्गाची खरी, पण समुद्राची पातळी वाढतेय तसा त्यातही माणसाचा हात शिरतोय. कोळकेवाडी धरणाच्या विसर्गामुळे पूर वाढला का, यावरून वाद झाला. त्यावर मत देण्याआधी विसर्गाचे तासातासाचे आकडे माग.

एवढी चिरफाड कशासाठी? कारण प्रत्येक वाट्याची दाद वेगळ्या दारी मागावी लागते. गाळाचं काम जिल्ह्यात होतं. कार्बन मात्र एकटं चिपळूण कमी करू शकत नाही. त्यासाठी 1992 चा रिओचा करार झाला, 1997 चा क्योटोचा, आणि 2015 चा पॅरिसचा, ज्यात तापमानवाढ औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत 2 अंशांच्या बरीच खाली ठेवायची, जमल्यास 1.5 अंशांवर रोखायची, असं ठरलं. 2024 हे आख्खं वर्ष 1.5 अंशांच्या वर गेलं. एका वर्षाने ती मर्यादा ओलांडली असं मानत नाहीत, दीर्घकाळाची सरासरी पाहतात. पण हाती किती थोडा अवधी आहे ते कळतं. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी, म्हणजे जितका वायू सोडू तितका शोषला जाईल या टप्प्यासाठी, 2070 हे वर्ष दिलंय. आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन अमेरिकेच्या साधारण सातव्या हिश्शाइतकं आहे. म्हणूनच 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत मान्य झालेला, हवामानबदलाची झळ बसलेल्या गरीब देशांसाठीचा नुकसानभरपाईचा निधी हे श्रीमंत देशांचं देणं आहे असं मी मानतो, आणि त्यात आजवर पडलेली रक्कम पाहून मला राग येतो.

पहिल्या महिन्यात व्याख्यानं ठेवू नकोस. जलसंपदा विभागाकडून निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मिळव; निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. बाजारपेठेत फिरून 2005 आणि 2021 चं पाणी कुठवर चढलं ते दुकानदारांना विचार, टेप लावून मोज आणि नकाशावर मांड. तालुक्याच्या पावसाच्या नोंदी काढताना वर्षाच्या बेरजेवर थांबू नकोस, तो किती तासांत पडला ते बघ. हे सगळं एका कागदावर आलं की मला पाठव, मग काय वाचायचं ते ठरवू.

तुझे,
सर