नंदीचे पाय आधी, पाठ शेवटी

प्रश्न : भाऊ, मी नागपूरला मानेवाड्यात राहते. घरामागच्या शेडमध्ये सेकंडहँड छोटा बँडसॉ घेऊन टाकलाय, टेबलावर बसणारा, दोन चाकांवर पट्टीसारखं ब्लेड फिरतं ते करवतीचं मशीन. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, गल्लीतल्या पोट्ट्यांसाठी लाकडी नंदी कापायचे आहेत. बाजारातल्यासारखे सगळे एका साच्यातले नकोत, कोणाचं वशिंड मोठं, कोणाची मान खाली असं पाहिजे, म्हणून कागद चिकटवून कापण्यापेक्षा सरळ हातानेच फिरवत कापते. पण तीन इंचाचा ठोकळा धरला की अर्ध्यातच बोटं ब्लेडच्या जवळ येतात, परवा तर तुकडा लोळला आणि टेबलावर असा आपटला की ब्लेडच वाकडं झालं. जे नंदी नीट निघतात त्यांचे पाय रंगवताना मोडतात. काय करू?

उत्तर : ताई, तिन्ही त्रास त्या ठोकळ्यामुळे होताहेत. ठोकळा घेऊच नका. फूट-दीड फूट लांब पट्टी घ्या, तीन इंच रुंद, दीड इंच जाड, आणि नंदी तिच्या टोकाला कापा, तोही उलटा, म्हणजे पाय पट्टीच्या टोकाकडे आणि पाठ पट्टीच्या आतल्या बाजूला. सगळं काम होईपर्यंत तो पट्टीलाच चिकटून राहतो, तुमचा हात मागे पट्टीवर असतो, आणि शेवटी पाठीची रेघ कापली की नंदी आपोआप सुटून टेबलावर पडतो. पाय मोडण्याचं पण याच्यातच निघून जातं कारण पट्टीत लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे पायातून वरखाली जातात. तुमच्या ठोकळ्यात बहुतेक त्या आडव्या येत असतील, तसा पाय बोटाने दाबला तरी तुटतो.

आता क्रम सांगतो. फ्रीहँड म्हणजे रेघ नसली तरी चालेल, पण कुठला काप कधी हे मशीन सुरू करायच्या आधी डोक्यात पक्कं पाहिजे.

आधी टोक गुण्यात, म्हणजे काटकोनात, सरळ कापून घ्या, नंदी उभा राहणार तो त्याच्यावरच. मग पट्टी कडेवर उभी करा आणि टोकाकडून सव्वा इंच आत दोन सरळ काप घ्या, मधे अर्धा इंच जागा सोडून, ही उजव्या-डाव्या पायांमधली फट. मधला भाग ब्लेडने थोडा थोडा कुरतडून काढा, खाली गोलाई आणायच्या भानगडीत पडू नका, ते पोट आहे, कोणी वाकून बघत नाही. हे काम पहिले करायचं कारण आत्ता पट्टीच्या दोन्ही कडा शाबूत आहेत, ती टेबलावर नीट बसते. बाजूचा आकार आधी कापला तर कडेवर उभी करायला सपाट काही उरणारच नाही, आणि खालून आधार नसलेलं लाकूड ब्लेड हमखास खाली ओढतं. तुमचा तुकडा लोळला तो याच्यामुळेच.

मग पट्टी आडवी टाका. ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा वरचा गाईड इथे परत खाली घ्या हं, लाकडाच्या वर पाव इंच, उभ्या पट्टीच्या तीन इंचासाठी वर केलेला तसाच राहिला तर मधलं उघडं ब्लेड डगमगतं आणि बोटाला पण धोका. पुढच्या-मागच्या पायांमधली कमान एकाच दमात, टोकातून आत आणि टोकातूनच बाहेर. त्यानंतर छातीवरून गळ्याखालची लोंबती कातडी घेत तोंडापर्यंत जाऊन बाजूने बाहेर. मागून शेपटी, पण ती अंगाला चिकटलेलीच ठेवा, सुटी काढली की मोडलीच समजा. आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडून आत शिरून कपाळ, मान, वशिंड, पाठ. या कापात खरी मजा आहे, प्रत्येक नंदीचा स्वभाव इथेच ठरतो. वशिंडाला हात जरा जास्त वळला तर वळू द्या, तेवढा तगडा बैल झाला. सुटता सुटता शेवटचा अर्धा इंच मात्र एकदम हळू, आणि पडणारा नंदी धरायला हात पुढे न्यायचा नाही.

शिंगं या कापात काढायचा हट्ट करू नका. तिथला कोपरा इतका अरुंद असतो की ब्लेड वळणारच नाही. कपाळ गोल ठेवा, नंतर दोन बारीक भोकं पाडून बांबूच्या कामट्यांची शिंगं फेविकॉलने बसवा, मला तर तीच जास्त छान दिसतात.

ब्लेड कुठलं, हे तुम्ही विचारलं नाही पण निम्मा खेळ त्याचाच आहे. एक सुती, म्हणजे इंचाचा आठवा भाग रुंद ब्लेड साधारण ५ मिलिमीटर त्रिज्येत वळतं, दीड सुती ८ मध्ये, आणि दोन सुती, म्हणजे पाव इंची, त्याला १६ मिलिमीटर लागतात. नंदीला दीड सुती, इंचाला १० दातांचं घ्या. एक सुतीचे इंचाला १४ दात असतात, दीड इंच जाड लाकडात भुसा दातांत अडकतो, लाकूड काळं पडतं. वळताना लाकूड पुढे सरकत राहिलं पाहिजे, जागेवर उभं राहून पिळलं की ब्लेड तुटतं. अर्ध्या वळणात अडकलात तर मशीन बंद करा, चाकं पूर्ण थांबू द्या, मगच लाकूड मागे घ्या, नाहीतर चालतं ब्लेड चाकावरून खाली उतरतं. हातमोजे घालायचे नाहीत, ओढणी घट्ट बांधा नाहीतर काढूनच ठेवा.

प्रश्न : लाकूड कुठलं घ्यावं? लकडगंजात सागाचे तुकडे स्वस्तात मिळतात पण ब्लेडची धार लवकर जाते असं वाटतं. – हिंगणा रोड

उत्तर : वाटत नाही, जातेच. सागात सिलिका, म्हणजे वाळूतलाच घटक असतो, तो धार खातो. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा साग एवढा नावाजलेला की छोट्या कामाला पण हात त्याच्याकडेच जातो, पण नंदीसाठी मी तरी शिवण घेईन, हलकं, मऊ, कापायला सरळ आणि रंग छान धरतं. हळदू मिळाला तर सोनं, बारीक रेषेचा, पिवळसर, नुसतं तेल लावलं तरी दिसतो. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची व्हायची, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची काळ्या कुड्याच्या लाकडाची, तर खेळण्याला साग पाहिजेच असं कुठे आहे? साग वापरलाच तर चिकटवायच्या आधी ती जागा थिनरने पुसून घ्या, सागाच्या तेलकटपणामुळे फेविकॉल नीट धरत नाही. आणि मास्क लावाच. सागाच्या भुश्याने कित्येकांना खाज सुटते, शिवाय कुठल्याही लाकडाची धूळ नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या गटात धरली जाते.

प्रश्न : सरळ धरलं तरी काप एका बाजूला पळतो, गाईड दहा वेळा बसवून झाले. – जरीपटका

उत्तर : गाईड सोडा, आधी ब्लेड बघा. एका बाजूचे दात बोथट झाले, एखादा खिळा लागला असेल, की ब्लेड धारदार बाजूकडे ओढलं जातं. नवीन ब्लेड टाकून बघा. तरी पळत असेल तर ब्लेडचा ताण (टेन्शन) कमी आहे. फ्रीहँड कामात थोडं पळणं हाताला सवयीने सांभाळता येतं, पण जाड लाकडात ब्लेडचं पोट फुगलं की कापलेली बाजू पिंपासारखी निघते, तिथे सांभाळणं चालत नाही.

अजून एक, नवीन ब्लेडची मागची टोकदार कड चालत्या मशीनवर धारेच्या दगडाने हलकीशी गोल करा, बारीक वळणं एकदम लोण्यासारखी होतात. ठिणग्या पडतात, म्हणून आतला भुसा पहिले साफ करायचा, विसरायचं नाही!

प्रश्न : आम्ही दोघं मित्र या पोळ्याला शंभरेक नंदी कापून नागपूरच्या महाल भागात स्टॉल लावायचं म्हणतोय. हाताने एवढे होतील का आणि विकायला काही नियम आहे का?

उत्तर : होतील, पण मग पट्टीची पद्धतच पाहिजे, पाय-पोट-छाती सगळ्या पट्ट्यांचं एकत्र उरकून घ्यायचं आणि पाठी शेवटी. जर्मनीत झायफन गावचे कारागीर याच्याही पुढे गेले, लाकडाचं कडं लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कोरायच्या मशीनवर, असं कोरतात की त्याच्या आडव्या छेदात प्राण्याचा आकार असतो, मग कडं केकसारखं फोडलं की प्रत्येक फोडीतून एक घोडा नाहीतर गाय. बघायला भन्नाट, पण सगळे जुळे भाऊ. तान्हा पोळा आपल्याकडे दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला मानतात, पोट्टे नंदी घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात तेव्हा माझा नंदी तुझ्याहून भारी यावरूनच तर भांडणं होतात, तर थोडे वेगवेगळे राहू द्या.

नियम आहे. खेळण्यांचा क्वालिटी कंट्रोल आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला आयएसआय मार्क लागतो. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला सूट आहे, तेव्हा आधी ते कार्ड काढायच्या मागे लागा, पोळा तोंडावर आल्यावर नाही. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत असं लिहिलेलं बघा, जुना उरलेला ऑइलपेंट अजिबात नको, पोरं शिंग आधी तोंडात घालतात. पावसाळी हवेत रंग सुकायला वेळ लागतो, एका हातानंतर दुसरा हात देताना घाई करू नका, आणि चाकं लावायची असतील तर नंदीखाली लाकडी पाटी बसवून तिला लावा, पायांना नाही.