चार लाखात लग्न होतं, पण आधी पानं मोज

तू लिहिलंयस की हातात चार लाख आहेत, त्यातले अडीच तुझ्या स्वतःच्या पगारातून साठवलेले, लग्न दोन्ही घरांनी मिळून करायचं ठरलंय, आणि तरी बाबा पतसंस्थेतून अजून चार लाख उचलायचं म्हणतायत कारण एकुलती एक पोरगी, लोक काय म्हणतील. तर चार लाखात लग्न होतं का? होतं. (तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.)

आधी कर्जाचं बोलते कारण ते मी घरात बघितलंय. माझं लग्न २०१४ ला झालं, कराडला, सहाशेच्या वर पानं म्हणजे जेवणारी माणसं, बँड, घोडा, सगळं यथासांग. बाबा एसटीत कंडक्टर. त्यांनी पतसंस्थेतून तीन लाख काढले चौदा टक्क्यांनी, महिन्याला आठ हजार दोनशेचा हप्ता, चार वर्षं. म्हणजे तीन लाखाचे जवळजवळ चार लाख फेडले. माझी मुलगी चालायला बोलायला लागली तरी माझ्या लग्नाचा हप्ता चालूच होता आणि मला याचा पत्ताच नव्हता, आईनं डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढं ढकललं तेव्हा मी खोदून खोदून विचारलं आणि मग कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की धाकटीच्या लग्नाला एक रुपया कर्ज काढू द्यायचं नाही. तिचं लग्न २०२३ च्या फेब्रुवारीत झालं आणि सोनं सोडून दोन्ही घरांचा मिळून खर्च तीन लाख दहा हजार आला, निम्मा निम्मा. म्हणून जे सांगतेय ते करून बघितलेलं आहे.

सगळ्यात पहिलं काम, हॉल बघायला जाऊ नकोस. सगळे तिथंच चुकतात. हॉल बघितला की मोठा आवडतो, मोठा घेतला की रिकामा दिसू नये म्हणून माणसं वाढतात, माणसं वाढली की जेवण, खोल्या, गाड्या, आहेर सगळं वाढत जातं. आधी पानं ठरव. किती पानं ते ठरलं की बाकीचं सगळं आपोआप त्या मापात बसतं.

आता पानं कमी करायची म्हणजे नावं खोडायची आणि ते बापाला जमत नाही. आमच्याकडे जुनी आहेराची वही आहे, माझ्या लग्नातली, निळ्या पुठ्ठ्याची, त्यात आत्याच्या अक्षरात कोणी काय दिलं ते सगळं लिहिलेलं, कोणी एकशे एक रुपये, कोणी स्टीलचा डबा, कोणी भिंतीवरचं घड्याळ. धाकटीच्या लग्नाला बाबांनी तीच वही पुढं घेऊन यादी केली, ६१४ नावं झाली. केटररनं पानाला ३२० सांगितले होते, मी तिथंच बाबांना गुणाकार करून दाखवला, एक लाख शहाण्णव हजार नुसतं एका वेळचं जेवण. बाबा गप्प. मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात खाली बसलो आणि एकेक नाव वाचायला लागलो, नियम एकच ठेवला, गेल्या दोन वर्षांत आपण त्यांच्या घरी गेलोय का किंवा ते आपल्याकडे आलेत का, सुखाला नाहीतर दुःखाला. नसतील तर खोड. एका नावाशी बाबा अडले. डेपोतले जुने ड्रायव्हर, वीस वर्षं एका गाडीवर ड्युटी केलेली पण रिटायर झाल्यावर भेट नाही. पेन हातात धरून बसले आणि म्हणाले, "याच्या पोरीच्या लग्नात मी जेवलोय गं." तेव्हा मला कळलं की बाबांना मिरवायचं नव्हतं, त्यांना परतफेड करायची होती. तुझ्या बाबांचंही तेच असेल, लोक काय म्हणतील हे ते वरवर म्हणतायत, आत असं काहीतरी असणार, ते आधी नीट विचार.

त्यावर आम्ही काय केलं तर लग्नाला दोन्हीकडची मिळून फक्त १९० पानं ठेवली, तीही गुरुवारचा मुहूर्त धरून, रविवार मुद्दाम टाळला. आणि लग्नानंतर आठ दिवसांनी गावी घरच्या अंगणात सत्यनारायण घातला, त्याला सगळ्या गावाला आणि डेपोतल्या सगळ्यांना आमंत्रण, प्रसादाचा शिरा, मसालेभात, मठ्ठा, बास. नवरा-नवरी पाटावर बसलेली, आले ते नमस्कार करून, आशीर्वाद देऊन, जेवून गेले. शिवाय ज्यांची नावं लग्नाच्या यादीतून खोडली त्यांच्यातल्या चाळीसेक घरी बाबा स्वतः स्कूटरवर गेले, तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन-तीन घरं, हातात पेढे, आणि सरळ सांगितलं की लग्न घरच्या माणसांतच करतोय, पूजेला नक्की या. कुणीही रुसलं नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून हे होत नाही, घरी जाऊनच सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट मुलाकडच्यांशी बोलणं. हे याद्यांच्या, म्हणजे लग्नाचं ठरवायच्या बैठकीच्या दिवशीच करायचं, सुपारी फुटायच्या आधी, आणि कागदावर. हॉल कोणाचा, जेवण कोणाचं, मानपान करायचा की नाही, वऱ्हाडाची गाडी कोण करणार. मानपान दोन्हीकडून पूर्ण बंद ठेवा असं माझं मत आहे, टॉवेल-टोपी आणि ती साडी कुणी वापरत नाही, पुढच्या लग्नात फिरत राहते, आणि रुसवेफुगवे नेमके त्याच्यावरूनच होतात. आमच्याकडे मुलाच्या आजीला वाईट वाटलं होतं तर आईनं तिला एकटीला एक चांगली सुती नऊवारी नेसवली, एवढंच. आणि आपल्या भागात सुपारी फोडायला आलेले लोक त्याच मांडवात लग्न लावून गेले अशी कितीतरी उदाहरणं आहेत, साखरपुड्यातच लग्न, त्यात कमीपणा कुणालाच वाटत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी साधं, भटजीशिवायचं लग्न लावून दाखवलं, म्हणजे साधं लग्न ही आपल्याकडे काल आलेली गोष्ट नाही. बाबांना हेही सांग.

जेवण. केटरर न घेता आचारी लावला, किराणा आम्ही भरला. आचारी यादी देतो, तीच यादी दोन घाऊक दुकानात दाखवून भाव घ्यायचा, आणि न फोडलेले तेलाचे डबे, तांदळाचं पोतं परत घेणार का हे दुकानदाराला आधीच विचारायचं, आमचा तेलाचा एक डबा आणि साखर परत गेली. पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर, मसालेभात, वरणभात, मठ्ठा, जिलबी. जिलबी आचाऱ्याला करायला लावली नाही, गावातल्या हलवायाकडून सोळा किलो आणली. सकाळचे पोहे-चहा, वाढपी सगळं धरून पानाला २१५ च्या आसपास पडलं. पण हे तेव्हाच कर जेव्हा घरातला एक खमका माणूस दिवसभर कोठीवर बसणार असेल, आमच्याकडे मामा बसला होता, चावी त्याच्याकडे. असा माणूस नसेल तर केटररच घे, उगाच ताण नको.

हॉल आम्ही देवस्थानचा घेतला, भांड्यांसकट पंधरा हजार. कार्यालय घेणार असशील तर भाड्याच्या आकड्यावर जाऊ नकोस, लाइट बिल, जनरेटर, साफसफाई, जादा खोल्या, बाहेरचा आचारी चालतो का, हे सगळं पावतीवर लिहून घे. माझ्या लग्नात एका कार्यालयानं संध्याकाळी हिशोबाला बसल्यावर सतरा हजार वरून लावले होते आणि डिपॉझिट अडकवून ठेवलं, भरावेच लागले.

सोनं. आईनं दोन पाटल्यांतली एक मोडून मंगळसूत्र केलं, दुसरी मी मोडू दिली नाही. जुनं सोनं देताना आपल्यासमोर वजन करायला लाव, सोनार घट किती धरतोय ते विचार, नवीन दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघ. वरून मजुरी आणि ३ टक्के जीएसटी लागतो तो बजेटमध्ये धर, लोक विसरतात. बाकी ठुशी, तोडे वगैरे फॉर्मिंगचे, म्हणजे सोन्यासारखे दिसणारे घातले, फोटोत कुणाला कळलं नाही.

पत्रिका पन्नासच छापल्या, पहिली कुलदैवताला आणि बाकी म्हाताऱ्या माणसांना. फोटोग्राफर एकच दिवस, प्री-वेडिंग नाही. फक्त फोटोग्राफरमध्ये अगदी स्वस्तातला नको, मी त्याच्यावर पैसे वाचवले असते तर आज आजीचा हसरा फोटो आमच्याकडे नसता, ती त्याच वर्षी गेली.

आणि नोंदणी. विधीनं लग्न झालं की नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत नोंद करा, तीन साक्षीदार, पत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांची कागदपत्रं, लग्न लावणाऱ्या भटजींची सही त्याच दिवशी घेऊन ठेव म्हणजे नंतर शोधत फिरावं लागत नाही. नुसतं रजिस्टर लग्न करायचं असेल तर १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला पाहिजे, त्यामुळे तारीख आधी ठरवून मग नोटीस द्यायला गेलात तर अडकाल.

बाबांशी बोलशील तेव्हा कर्जावरून वाद घालू नकोस, आहेराची वही असेल तर ती घेऊन शेजारी बस आणि नावं वाचायला सुरुवात कर. आमच्या आचाऱ्याची १९० पानांची यादी माझ्याकडे अजून आहे, पाहिजे असेल तर इथंच खाली सांग, फोटो काढून टाकते.