शेळ्या-मेंढ्यांचं कुंपण आणि निवारा: पैसा नेमका कुठं घालायचा?

माण, सांगोला, आटपाडी भागातून या आठवड्यात आलेले तीन प्रश्न एकमेकांना धरून आहेत, म्हणून उत्तरं एकत्रच देतो. माणमधल्या एका ताईंकडे १० उस्मानाबादी शेळ्या आहेत. बचत गटाचं कर्ज काढून दोन एकराला काटेरी तारेचं कुंपण करायचा त्यांचा विचार आहे. सांगोल्याच्या एका दादांनी नवं पत्र्याचं शेड बांधलं, पण आत करडं खोकतात, नाकं वाहतात. आणि आटपाडीच्या एका मेंढपाळ कुटुंबाला लांडग्याची भीती आहे.

ताई, काटेरी तार घेऊ नका. ती गुरांना अडवते, शेळीला नाही. दोन तारांमधून शेळी डोकं घालते, मग अंग घालते, आणि त्यात कास फाटते. फाटलेली कास टाके घालूनही पुष्कळदा कामातून जाते. मेंढीची लोकर काट्यात गुंतून ती अडकून बसते, ते वेगळंच.

त्यापेक्षा दोन एकराचा नाद सोडा. चौकोनी तुकडा धरला तरी त्याचा घेर जवळपास १,२०० फूट भरतो. दिवसा शेळ्या चरताना माणूस बरोबर असतोच. खरा धोका रात्रीचा. १० शेळ्यांना १५ बाय १० फुटांचं छत आणि त्याला लागून १५ बाय २० फुटांचं मोकळं अंगण पुरतं. मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट जागा, हा त्यामागचा हिशोब. छताखाली उरलेल्या कोपऱ्यात करडांचा कप्पा होतो. या सगळ्याला जाळी लागते ९० फूट. कर्जातला उरलेला पैसा चाऱ्याला ठेवा.

जाळी साखळीची घ्या, ५ फूट उंच, दोन इंची घराची. सहा इंची चौकोनाची जाळी स्वस्त पडते, पण शिंगाची शेळी त्यात डोकं घालते आणि शिंगं मागं अडकली की तिला ते काढता येत नाही. खांब ८ ते १० फुटांवर, दीड-दोन फूट जमिनीत, आणि कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेकू हवाच. शेळी जाळीवर पुढचे पाय टेकून उभी राहते, त्यामुळं वर, मध्ये आणि खाली ताणतार ओढली नाही तर वर्षभरात जाळीला झोळ पडतो. कुत्रं आणि लांडगा खालून उकरतात; म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा किंवा कडेनं मोठे दगड घट्ट बसवा. नुसत्या मेंढ्या आत ठेवायला चार फूट उंची चालते, पण लांडग्यासाठी पाचच ठेवा.

पैसा अगदीच कमी असेल तर बाभळीचे फास, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, दाट रचा. आमच्या भागातली ती जुनी आणि चांगली रीत आहे, फक्त दरवर्षी नवे फास घालावे लागतात. जिवंत कुंपण करणाऱ्यांना मात्र एक कळकळीची विनंती: बेशरम, कण्हेर आणि घाणेरी शेळ्यांच्या वाटेत लावू नका. तिन्ही विषारी आहेत, आणि उन्हाळ्यात दुसरं हिरवं नसलं की शेळी त्यांना तोंड लावते. बाहेरून घायपात लावा. आतल्या बाजूला शेवरी लावून वरचेवर छाटली तर पालाही मिळतो.

आता दादांचं शेड. त्यांनी थंडीच्या भीतीनं चारही बाजूंनी पत्रा मारलाय. आत मुताचा वास कोंडतो, तोच वायू करडांच्या छातीत जातो. शेळीला वाऱ्यापेक्षा ओल जास्त मारते. बाजूचा पत्रा तीन फुटांवर कापा आणि वर जाळी लावा. नवीन बांधणाऱ्यांनी शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची अरुंद बाजू तेवढी पूर्ण बंद करावी. मध्ये ९-१० फूट, कडेला ६-७ फूट उंची, आणि पत्रा दोन फूट बाहेर काढलेला. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचा थर टाका, वाऱ्यानं उडू नये म्हणून बांधून. थंडीच्या रात्री बारदानाचे पडदे सोडा, सकाळी गुंडाळा.

खाली फरशी नको, कोबाही नको. आजूबाजूपेक्षा फूटभर उंच मुरमाची भर, धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून), एका बाजूला उतार देऊन. लेंड्या रोज झाडा, आठवड्याला चुना भुरभुरा. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, गोचीड तिथंच अंडी घालते. कोकणातल्या वाचकांना हे मुरमाचं गणित लागू नाही. तिथल्या पावसात जमिनीपासून उचललेली लाकडी किंवा बांबूची माचच हवी.

आटपाडीच्या कुटुंबाला कायमचं कुंपण सुचवण्यात अर्थ नाही, कारण मेंढ्या रोज वेगळ्या रानात बसतात. रात्री मेंढ्या कोंडायची तुमची जाळी, म्हणजे वाघूर, चांगलीच आहे. तिचे खुंट जवळ ठोका, खालची कड दगडांनी दाबा, कोकरं मधोमध ठेवा, आणि राखणीची कुत्री बाहेरच्या बाजूला सोडा. विजेच्या खांबावरून थेट तारेत करंट सोडण्याचा प्रकार काही जण करतात. त्यात माणसं मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे. बिबट्या असलेल्या जुन्नर-संगमनेर भागात तर कितीही उंच जाळी अपुरी. तिथं रात्रीचा गोठा वरूनही बंद हवा.

तरीही लांडग्यानं किंवा बिबट्यानं जनावर मारलंच, तर ते जागेवरून हलवू नका. मोबाईलवर फोटो काढा आणि भरपाईसाठी ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या जनावराला वन विभागाची ही भरपाई मिळत नाही, म्हणून ठसे आणि जखमा पुसल्या जाऊ देऊ नका. कुणी मारलं हे त्यावरूनच ठरतं.