धाकटी लिंबूटिंबू राहू नये म्हणून

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची. दिवाळीत माझ्या भावाने दुबईहून येताना दोघांसाठी निन्टेन्डो स्विच हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल आणला, सोबत ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. भाचरांनी मिळून खेळावं एवढीच त्याची इच्छा. पण रोज संध्याकाळी ठरलेलं : मुलगा पहिला येतो, मुलगी बारावी, मग ती कंट्रोलर सोफ्यावर फेकते आणि तो म्हणतो, “हिला काही येत नाही, मी हिच्याबरोबर खेळणार नाही.” सासूबाई म्हणतात, माळ्यावर टाका तो डबा. त्यात मुलगा आता मोबाइलवर मित्रांबरोबर बीजीएमआय हा बंदुकांच्या लढाईचा ऑनलाइन गेम खेळू द्या म्हणून मागे लागलाय. दोघं भांडल्याशिवाय खेळतील असे गेम असतात का? निवडताना काय बघायचं?
– एक आई, सांगली

उत्तर : माळ्यावर टाकू नका. आणि आधी तुमच्या लेकीची बाजू ऐका, कारण मीही घरातली धाकटीच.

१९९०च्या दशकात नाशिकला आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. दोन कंट्रोलर, एक पिवळी कॅसेट, त्यात ‘कॉन्ट्रा’. त्याची तिसरी पातळी धबधब्याची. दोघांनी कड्यांवरून उड्या मारत खालून वर जायचं. पडदा फक्त वर सरकतो, पुन्हा खाली येत नाही. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो भराभर चढायचा, पडदा त्याच्यामागे वर जायचा आणि मी ज्या कड्यावर उभी असायचे तो कडाच दिसेनासा होऊन मी मरायचे. शत्रूची गोळी लागून नाही, दादाच्या उडीमुळे. माझ्या लाइफ संपल्या की मी त्याच्यातली एक घ्यायचे, गेममध्ये तशी सोय होती, आणि तिथून सतरंजीवर खरी मारामारी सुरू व्हायची. एका सुट्टीत तो मध्येच थांबला आणि म्हणाला, “आधी तू चढ.” बटणावरून उचलून धरलेला त्याचा अंगठा मला अजून दिसतो. त्या दुपारी आम्ही दोघं पहिल्यांदा वरच्या राक्षसापर्यंत पोचलो.

गेली नऊ वर्षं मी डोंबिवलीत मुलांसाठी खेळण्यांचं वाचनालय चालवते. तिथे पत्ते, कॅरम, बोर्ड गेम यांच्या जोडीला एक टीव्ही आणि दोन कन्सोलही आहेत. दोघांनी खेळायचा कुठलाही गेम घेण्याआधी मी स्वतःला एकच गोष्ट विचारते : यात जो मागे पडतो, त्याचं पुढे काय होतं?

गल्लीत आपण लहान भावंडाला लिंबूटिंबू करून खेळायला घ्यायचो. त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही. चार वर्षांच्या पोराला ते चालतं. सात वर्षांच्या मुलीला मात्र बरोबर कळतं की आपण असलो काय नि नसलो काय, डावाला फरक पडत नाही. व्हिडिओ गेमचंही तसंच आहे. काही गेम धाकट्याला सरळ मारून बाजूला करतात. काही त्याला लिंबूटिंबू करतात. आणि थोडेच असे असतात की धाकटं नसेल तर मोठ्याचं पाऊलही पुढे पडत नाही. तुम्हाला हवेत ते हे तिसरे.

पण नवीन काही विकत आणण्याआधी घरात आहे तोच गेम नीट लावून घ्या. ‘मारिओ कार्ट’मध्ये गाडी निवडायच्या पडद्यावर प्लसचं बटण दाबलं की दोन सोयी दिसतात. ‘स्मार्ट स्टिअरिंग’ गाडीला रस्त्याबाहेर पडू देत नाही आणि ‘ऑटो ॲक्सिलरेट’मुळे बटण दाबून न धरताही गाडी पळते. लेकीच्या गाडीला दोन्ही चालू ठेवा, मुलाच्या गाडीचं स्मार्ट स्टिअरिंग बंद करा. ते चालू असलं की गाडीच्या मागे छोटा अँटेना दिसतो, त्यावरून ओळखता येईल. मग एकट्या-एकट्याची शर्यत सोडून संघांची शर्यत लावा आणि दोघांना एकाच संघात घाला, उरलेल्या गाड्या मशीन चालवील. इथे पहिल्याला १५ गुण असतात, बाराव्यालाही १ मिळतो, आणि संघाच्या गुणांची बेरीज होते. तिचा आठवा नंबर म्हणजे दादाच्या खात्यात ५ गुण. एका आठवड्यात “हिला काही येत नाही”चं “अगं, तो तारा आत्ता वापर!” झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय रस्त्यातल्या पेट्यांमधून वापरायच्या वस्तू मिळतात, तारा त्यांतलाच, आणि मागे पडलेल्याला हा गेम जास्त जोरदार वस्तू देतो. हे तिला सांगून ठेवा, म्हणजे मागे राहिल्यावर ती कंट्रोलर फेकायच्या ऐवजी पुढच्या पेटीची वाट बघेल.

आता नवीन. तुमच्या दोघांसाठी माझी पहिली पसंती ‘स्निपरक्लिप्स’. २०१७ मध्ये स्विचबरोबरच आलेला, स्विचच्या मोठ्या गेमच्या मानाने स्वस्त. कन्सोलचे दोन जॉयकॉन आडवे धरले की दोघांचे दोन कंट्रोलर होतात, वेगळा खर्च नाही. कागदाच्या दोन आकृत्या, एक लाल, एक पिवळी. एकमेकांवर सरकायचं आणि जेवढा भाग झाकला जातो तेवढा दुसऱ्याचा कापून टाकायचा. चेंडू बास्केटमध्ये न्यायचाय? मग एकाने स्थिर उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या डोक्याला वाटीसारखा खड्डा पाडायचा आणि त्या वाटीत चेंडू तोलून न्यायचा. वेळेचं बंधन नाही, मरण नाही, चुकलं तर एका बटणाने कागद पुन्हा अख्खा.

आमच्याकडे गेल्या मे महिन्यात एक भाऊ-बहीण यायचे, नऊ आणि सहा वर्षांचे. पहिले दोन दिवस तो तिला नुसता हुकूम सोडायचा, “हलू नको, मी कापतो.” तिसऱ्या दिवशी ती पटकन सरकली आणि तिने त्यालाच असा कापला की नुसते पाय उरले. ते दोन पाय पडद्यावर टुणटुण उड्या मारायला लागले तसे दोघं हसून-हसून लादीवर आडवे झाले. त्यानंतर तो म्हणायला लागला, “जरा वाकशील? नाही, डावीकडे. हां, तिथेच.” मोठ्या भावाच्या तोंडी ‘वाकशील?’ हा शब्द आणणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

दुसरा ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’, २०२३चा. लेकीला त्यात योशी किंवा नॅबिट हे पात्र द्या. या दोघांना शत्रूचा धक्का लागला तरी काही होत नाही, फक्त खड्ड्यात पडायचं नाही. योशी झाली तर दादाला पाठीवर घेऊन उडी मारता येते, म्हणजे धाकटी मोठ्याला उचलते, आणि याचा आनंद काय असतो ते धाकट्यांनाच विचारा. कुणी मेलं तर त्याचं भूत होतं आणि पाच सेकंदांत दुसऱ्याला शिवलं की ते परत जिवंत. जुन्या मारिओंमध्ये खेळाडू एकमेकांवर आपटायचे, एकमेकांना उचलून दरीत फेकायचे. तसले गेम सध्या तुमच्या घरात नकोत.

‘ओव्हरकुक्ड’चं नाव तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. स्वयंपाकघरात कांदे चिरायचे, तीन कांदे पातेल्यात, सूप तयार झालं की ताटलीत वाढून खिडकीवर द्यायचं, भांडी घासायची, आणि सगळं घड्याळ लावून. गेम फार सुंदर आहे. पण घड्याळ चालू असताना अकरा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या बहिणीवर ओरडणारच. म्हणून दोघांनाच देऊ नका. ‘ऑल यू कॅन ईट’ ही आवृत्ती घ्या, तिच्यात वेळ वाढवून मिळायची सोय आहे, आणि तिसरा कंट्रोलर तुम्ही हातात घ्या. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा, तोंडाने “कोथिंबीर दे गं” हे तुम्ही रोज करता. मुलांना ते तुमच्याकडून बघायला मिळू दे. सासूबाईंनाही बसवा. चौघांना खेळता येतं, आणि भांडी घासायला माणूस लागतोच.

ठोकळे रचून घरं बांधायचा ‘माइनक्राफ्ट’ही चालेल. एकाच टीव्हीवर पडदा विभागून खेळता येतो. खेळाची पातळी ‘पीसफुल’ ठेवा, म्हणजे रात्री राक्षस येत नाहीत. तिथे भांडण होतं ते बांधलेलं घर पाडण्यावरून. दुसऱ्याने रचलेली वीट विचारल्याशिवाय काढायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घाला.

गेमच्या डबीवरचा ३, ७, १२ हा आकडा बघाच, पण त्याचा अर्थ समजून घ्या. मजकूर त्या वयाला योग्य आहे की नाही, मारामारी किती, भीती किती, एवढंच तो सांगतो. त्या वयाच्या मुलाला तो गेम जमेल की नाही, हे सांगत नाही. ‘मारिओ कार्ट’वर ३ असतो, म्हणून तीन वर्षांच्या बाळाला तो जमतो असं नाही. ‘इट टेक्स टू’ तर फक्त दोघांसाठीच केलेला, २०२१चा नावाजलेला गेम. पण त्यावर १२ आहे, आणि कथा घटस्फोट घ्यायला निघालेल्या आई-बाबांची. तुमची लेक मोठी होईपर्यंत थांबा. आणि शक्यतो डाउनलोड न करता कार्ट्रिज घ्या. मुलांचा जीव भरला की विकता येतं, कुणाला देता येतं.

राहिला बीजीएमआय. अकराव्या वर्षी माझं उत्तर नाही असं आहे. बंदुका हे एक कारण, कानात अनोळखी माणसांचे आवाज हे दुसरं. तिसरं कारण मात्र मुलालाही पटेल असं आहे : त्या खेळात टॅम्प्लीज नाही. शंभर जण उतरतात, एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, आणि तुम्ही “जेवायला चल” म्हणालात की त्याला तीन मित्रांना वाऱ्यावर सोडून उठावं लागतं. तो तेव्हा उद्धट वागतो असं नाही, तो कात्रीत सापडलेला असतो. टीव्हीवरचा गेम एका बटणाने थांबतो आणि वरण-भात खाऊन आल्यावर तिथूनच सुरू होतो. त्याला मित्र हवेत, ते खरं आहे. मग शनिवारी दोन मित्रांना घरी बोलवा, आणि त्या चौकडीतली एक जागा लेकीची, हे आधीच ठरवा.

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीला, नात पुण्यात. दोघं नऊ-दहा वर्षांची. व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत त्यांचं बोलणं संपतं. दोघांना एकत्र खेळता येईल असं काही?
– एक आजोबा, पुणे

उत्तर : आजोबा, मुलांना गप्पांसाठी हाताला काम लागतं. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं आपल्या साडेनऊ तास मागे असतात, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे शनिवारी संध्याकाळी साडेसातला तुम्ही बसलात तर तिकडे सकाळचे दहा किंवा नऊ. दोन्हीकडे सुट्टी.

‘लुडो किंग’पासून सुरुवात करा. आपल्या नवी मुंबईतच तयार झालेला, २०१६चा. एकाने खोली उघडायची, तिचा कोड दुसऱ्याला कळवायचा, म्हणजे बाहेरचं कुणी येत नाही. बोलणं गेममधून नको, दुसऱ्या फोनवर नेहमीचा व्हिडिओ कॉल चालू ठेवा. तिसरी सोंगटी तुमची, चौथी आजींची. रुळले की ‘माइनक्राफ्ट’कडे वळा, पण दोन्हीकडे ‘बेडरॉक’च आवृत्ती आहे ना हे आई-बाबांना तपासायला सांगा. एकाकडे ‘जावा’ असेल तर दोघं एकमेकांच्या जगात जाऊ शकणार नाहीत. आणि ज्याने जग उघडलं तो ऑनलाइन असेल तेव्हाच दुसऱ्याला आत जाता येतं, म्हणून वार आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या दिवशी दोघांना एकच काम द्या : तुमचं पुण्यातलं घर बांधायचं. नात खोल्या सांगेल, नातू विचारेल, झोपाळा कुठे होता? ते तुम्हालाच सांगावं लागेल.