लेक सतराची होईपर्यंत बरेच हिवाळे आहेत

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, गेली बारा वर्षं कॅनडात, मिसिसॉगाला. मुलगी दहा वर्षांची (जन्म नोव्हेंबर २०१५). पाचव्या वर्षापासून फिगर स्केटिंग करते. सिंगल अ‍ॅक्सेल (दीड गिरकीची उडी) जमतो, डबल जंप, म्हणजे दोन गिरक्यांच्या उड्या, बसत आल्यात. तिचे कोच म्हणतात, 'अमेरिकेची तारा लिपिन्स्की पंधराव्या वर्षी ऑलिम्पिक जिंकली, रशियाची अलिना झगितोवाही पंधराव्या वर्षी. आत्ता ठरवलं नाहीत तर वय निघून जाईल.' त्यांचा सल्ला असा, की सप्टेंबरपासून शाळा सोडवून घरीच अभ्यास घ्यायचा, पत्नीने तिला घेऊन चार तासांवरच्या मोठ्या सेंटरजवळ राहायचं आणि मी नोकरीसाठी इथेच. मे महिन्यात सांगलीला भाच्याची मुंज आहे. शाळेने तीन आठवड्यांची रजा दिली, कोच द्यायला तयार नाहीत. आई फोनवर म्हणते, 'पोरीची सर्कस करू नका.' काय करावं?
– एक वडील

उत्तर : आधी जन्मतारखेचा हिशोब करू, कारण कोचनी नेमका तोच केलेला दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जून २०२२ मध्ये फुकेतच्या अधिवेशनात सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केलं. बाजूने १०० मतं, विरोधात १६. २०२४-२५ च्या हंगामापासून नियम पूर्ण लागू झाला. वय धरतात ते हंगाम सुरू होतो त्या १ जुलैच्या आधी पूर्ण झालेलं. तुमची लेक १७ ची होणार नोव्हेंबर २०३२ मध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या १ जुलैला ती १६ चीच. सीनियर जागतिक स्पर्धेचं दार तिला उघडणार २०३३-३४ मध्ये. २०३० चं फ्रान्समधलं ऑलिम्पिक तिच्यासाठी नाहीच. पहिलं शक्य असलेलं ऑलिम्पिक २०३४ चं, अमेरिकेत युटामध्ये, आणि तेव्हा ती १८ वर्षांची असेल. ज्युनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धांना १३ पूर्ण लागतात, तेही तिला २०२९-३० मध्ये. आठ वर्षांचा पल्ला आहे आणि तुम्हाला सप्टेंबरची मुदत दिली जातेय.

आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला पालक कसे दिवस मोजतात, तुम्हाला आठवत असेल. या खेळातही तसंच चालतं. जपानची माओ असादा डिसेंबर २००५ मध्ये ग्रां प्री फायनल जिंकली, तिथे मोठमोठ्यांना मागे टाकलं, पण दोन महिन्यांनंतरच्या तुरीन ऑलिम्पिकला तिला जाता आलं नाही. वय ८७ दिवसांनी कमी पडलं. त्याने तिचं काय बिघडलं? पुढे ती तीनदा जगज्जेती झाली आणि २०१० ला ऑलिम्पिक रौप्यही घेऊन आली.

आता कोचनी सांगितलेली नावं. तारा लिपिन्स्की १९९७ मध्ये चौदाव्या वर्षी जगज्जेती झाली. तिने मोडलेला सर्वांत लहान जगज्जेतीचा विक्रम नॉर्वेच्या सोन्या हेनीचा, १९२७ सालचा, आणि तो मोडला जेमतेम महिनाभराच्या फरकाने. हीच हेनी १९२४ ला अकराव्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये उतरली तेव्हा आठ जणींत आठवी आली होती, हे कोणी सांगत नाही. तारा १९९८ ला नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकली तेव्हा १५ वर्षं आणि साधारण आठ महिन्यांची होती. गंमत अशी, की तिच्या वेळीही वयाची अट नुकतीच वाढली होती. ती आधीच एक जागतिक स्पर्धा खेळलेली, म्हणून तिला सूट मिळाली. आजच्या नियमात तारा बसत नाही, २०१८ ची अलिना झगितोवाही बसत नाही. तुमच्यापुढे ठेवलेला रस्ता २०२२ मध्येच बंद झालाय.

एवढ्या लहान मुली जिंकत का होत्या, हे समजलं तर पुढचं ठरवणं सोपं जाईल. जंप मारल्यावर हवेत जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. तेवढ्यात तीन-चार गिरक्या घ्यायच्या आणि एका पायाच्या पात्यावर मागे सरकत उतरायचं. फिरत्या खुर्चीत बसून पसरलेले हात छातीशी आवळले की खुर्ची एकदम जोरात फिरते, करून बघा. इथेही तेच. अंग हलकं आणि कंबर अरुंद असेल तेवढी गिरकी वेगाने होते. मुलगी वयात आली, उंची आणि कंबर वाढली की काल जमलेली जंप आज बसत नाही, पुन्हा शिकावी लागते. पूर्वी स्पर्धेत बर्फावर पात्याने वर्तुळं, आठचे आकडे गिरवावे लागत, त्याला मार्क असत. 'फिगर' हा शब्द तिथलाच. त्यासाठी वर्षानुवर्षांचा हात, म्हणजे पाय, बसावा लागे. १९९० नंतर तो भाग गेला आणि जंपचं वजन वाढलं. झगितोवाने तर २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकला सगळ्या जंप कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण तिथे १० टक्के जास्त गुण होते. पुढच्या हंगामात तो नियमही आवळला. नियमातली अशी फट शोधून तिच्या मापाचं मूल घडवायचं, हा धंदा मला पहिल्यापासून पटत नाही. स्कॉलरशिपच्या क्लासवाल्यांना मी हेच बोलत आलोय.

जिंकल्यानंतर काय झालं, तेही बघा. तारा नागानोनंतर काही आठवड्यांतच व्यावसायिक झाली, म्हणजे पंधराव्या वर्षी स्पर्धा संपली. अठराव्या वर्षी खुब्याची शस्त्रक्रिया. रशियाची युलिया लिपनित्स्काया २०१४ ला पंधराव्या वर्षी सोची ऑलिम्पिकमध्ये सांघिक सुवर्ण जिंकली. २०१७ मध्ये अ‍ॅनोरेक्सियावर, म्हणजे न खाण्याच्या आजारावर उपचार घेऊन एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली. झगितोवा सतराव्या वर्षी थांबली. आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली रशियाची कमिला वालियेवा, १५ वर्षांची. ऑलिम्पिकमध्ये क्वाड, म्हणजे चार गिरक्यांची जंप, उतरवणारी पहिली महिला. लगेच बातमी आली, की आधीच्या डिसेंबरमधल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडलंय. तिला खेळू दिलं गेलं. ती पडत, अडखळत चौथी आली आणि अख्खं जग बघत राहिलं. पुढे चार वर्षांची बंदी. त्या औषधाची गोष्ट काहीही असो, तिच्याभोवतीची मोठी माणसं काय करत होती, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे. बीजिंगनंतर चार महिन्यांनी फुकेतचं मतदान झालं.

तुमच्या लेकीला दाखवायची असेल तर अलिसा लिऊ दाखवा. २०१९ मध्ये तेराव्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती, तिथली आजवरची सर्वांत लहान. सोळाव्या वर्षी, २०२२ मध्ये, सगळं सोडून घरी बसली, कॉलेजात गेली. दोन वर्षांनी स्वतःहून परत आली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली, एकोणीस वर्षांची. मोठ्या झालेल्या अंगाने.

घर दोन ठिकाणी मांडायचं म्हणता, तर तेही ताराच्या घरी झालं होतं. वडील नोकरीसाठी टेक्ससमध्ये, मायलेकी आधी डेलावेअरला, मग डेट्रॉइटला. पण पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. 'मी नोकरीसाठी इथेच' असं तुम्ही लिहिलंत. पत्नी काय करतात, नोकरी करतात का, त्यांना जायचंय का, यावर एक ओळ नाही. लेकीला काय वाटतं, यावरही नाही. आजींचं मत मात्र अवतरणचिन्हांत आहे. पत्नी आणि लेक, या दोघींशी बोलल्याशिवाय मला पुन्हा लिहू नका, स्पष्टच सांगतो.

शाळा सोडवू नका. सहावी शाळेतच होऊ दे. सरावाचे तास आहेत ते राहू द्या, हवं तर आठवड्यातून एक वाढवा. कंबर किंवा खुबा दुखतो म्हणाली तर 'सहन कर' असं म्हणायचं नाही, खेळाडूंच्या डॉक्टरकडे न्यायचं. बारा-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढेल तेव्हा जंप बिघडतील, तेव्हा तिला कोणी 'खाणं कमी कर' म्हणालं तर त्याच दिवशी कोच बदला. तेराची झाल्यावर ज्युनियरचा विचार करू. जंपमध्ये मन रमलं नाही तर आइस डान्स आहे, तिथे या उड्या नसतात. तुमच्याच ऑन्टॅरिओचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर १९९७ पासून जोडीने स्केटिंग करत होते. २०१८ चं सुवर्ण जिंकले तेव्हा ती २८ ची, तो ३० चा.

पोटापाण्याचं विचाराल, तर १९९८ ला तारापुढे रौप्य मिळालेली मिशेल क्वान बघा. ऑलिम्पिक सुवर्ण तिला कधीच मिळालं नाही. पाच जागतिक विजेतेपदं मिळवली, मग पदवी, पदव्युत्तर शिक्षण, आणि २०२२ मध्ये बेलीझला अमेरिकेची राजदूत. तारासुद्धा आज टीव्हीवर समालोचन करते, तेही उत्तम करते.

कोचना भेटाल तेव्हा एकच प्रश्न विचारा. दहाव्या वर्षी तुमच्याकडे असलेल्या मुलींपैकी सतराव्या वर्षी किती जणी अजून स्केट्स बांधतात? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, ते बघा.

आणि मुंजीची तिकिटं काढा. स्केटिंगचा हंगाम १ जुलैला सुरू होतो, मे महिन्यात कसलीही घाई नसते. स्केट्स मिसिसॉगातच ठेवा, सांगलीच्या उन्हात त्यांचं काय काम.