मुलगी मला भेटायला तयार नाही. हा ‘पेरेंटल एलिअनेशन’ (एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित करणं) नावाचा आजार आहे का?

आजार म्हणून त्याला मान्यता नाही. रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये असा सिंड्रोम मांडला, पण २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक आजारांच्या यादीत, तो घेतला गेला नाही.

त्यामुळे ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात केस चालू असेल, तर डॉक्टरांच्या एका चिठ्ठीवर विसंबू नका. मुलगी नाही का म्हणते, ते आधी शोधावं लागतं. तिने घरात मारहाण, दारू, धाक पाहिला असेल तर तिची भीती खरी आहे. तिला ‘पढवलंय’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय. कालपर्यंत बाबांच्या गळ्यात पडणारी पोर आज मात्र आईचेच शब्द जसेच्या तसे बोलत असेल, तर शंका रास्त आहे. तज्ज्ञाने मुलीशी एकटीशी आणि तुम्हा दोघांशीही बोललंच पाहिजे. एकाच बाजूचं ऐकून दिलेलं मत मी तरी मानणार नाही.